पोर्ट उघडला, तरी बाहेरून काही दिसेना: पोर्ट फॉरवर्डिंगची बाराखडी हवी आहे

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मी कॉमर्सवाला माणूस, त्यामुळे सांभाळून घ्या.

सांगलीच्या घरी एक जुना डेस्कटॉप पडून होता. बाबांच्या कीर्तनाच्या आणि नाट्यसंगीताच्या कॅसेटी हळूहळू डिजिटल करून मी त्यावर चढवल्या आणि जेलीफिन नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकलं. घरातल्या वायफायवर झकास चालतं. ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१०५:८०९६ टाकलं की सगळी यादी समोर. आता मेलबर्नला असलेल्या ताईला हे ऐकायचंय. व्हॉट्सॲपवर एकेक फाइल पाठवून मी थकलो आणि ती मागून थकली नाही.

कुणीतरी सांगितलं की राऊटरवर पोर्ट फॉरवर्डिंग कर. व्हिडिओ बघून टीपी-लिंकच्या राऊटरमध्ये नियम टाकला: बाहेरचा पोर्ट ८०९६, आतला पोर्ट ८०९६, पत्ता १९२.१६८.०.१०५. सेव्ह केलं, राऊटर बंद-चालू केला. पोर्ट तपासणाऱ्या साइटवर मात्र अजून लाल अक्षरात 'बंद' येतंय. ताईकडेही नुसतं चाक फिरतंय.

हे नेमकं कसं चालतं हे कुणी मुळापासून समजावेल का? 'हे बटण दाबा, ते बटण दाबा' छापाचे व्हिडिओ भरपूर पाहून झालेत.

टिंबटिंब

प्रश्न चांगला आहे. कोपरा धरून बसलोय. पॉपकॉर्न आणले आहेत.

नाना_नेटवाले

कृष्णाकाठ, नियम टाकायच्या आधी एक गोष्ट बघायची असते आणि नव्वद टक्के व्हिडिओ ती सांगत नाहीत. राऊटरच्या पहिल्या पानावर, म्हणजे 'स्टेटस' किंवा 'नेटवर्क मॅप'मध्ये, 'वॅन' किंवा 'इंटरनेट आयपी' असा एक पत्ता दिसेल. तो लिहून घ्या. मग त्याच वायफायवरून 'माझा आयपी काय' सांगणारी कुठलीही साइट उघडा. दोन्ही आकडे जसेच्या तसे जुळतात का? ते इथे टाका, पण साइटवरच्या पत्त्याचा पहिला आकडाच टाका, पूर्ण पत्ता चव्हाट्यावर नको.

तोवर मुळापासून. तुमच्या घरात फोन, टीव्ही, डेस्कटॉप मिळून दहा-बारा उपकरणं असतील. त्या सगळ्यांचे पत्ते १९२.१६८ ने सुरू होतात. हे पत्ते खाजगी. १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ मधले आणि १९२.१६८ ने सुरू होणारे, अशा तीन पट्ट्या १९९६ सालीच अशा घरगुती वापरासाठी बाजूला काढून ठेवल्या आहेत. शेजारच्याच्या घरीही १९२.१६८.०.१०५ असू शकतो. त्यामुळे बाहेरच्या जगात या पत्त्यावर काही पोचत नाही.

बाहेर दिसतो तो फक्त राऊटरचा पत्ता. तुम्ही फोनवर बातम्या उघडता तेव्हा राऊटर आपल्या तक्त्यात नोंद करतो: अमुक फोनने तमुक ठिकाणी विचारणा केली आहे, उत्तर अमक्या पोर्टवर (पोर्ट म्हणजे एकाच पत्त्यावरच्या अनेक दारांपैकी एका दाराचा क्रमांक) आलं की त्याला द्यायचं. उत्तर येतं, राऊटर तक्ता बघतो, फोनकडे देतो. याला नॅट म्हणतात.

आता ताई मेलबर्नहून तुमच्या राऊटरचं दार वाजवते. ही विचारणा आतून कुणी केलेलीच नाही, तक्त्यात नोंद नाही. मोठ्या वाड्याच्या पत्त्यावर नाव न घातलेलं पत्र यावं तशी गत. राऊटर ते सरळ टाकून देतो आणि एरवी त्याने तेच करायला हवं. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे त्या तक्त्यात आपण हाताने घातलेली कायमची ओळ: ८०९६ क्रमांकाच्या पोर्टवर जे कुणी येईल, त्याला १९२.१६८.०.१०५ कडे पाठव. बस, एवढंच.

पण ही ओळ कामी यायची तर ताईची विचारणा तुमच्या राऊटरपर्यंत पोचली पाहिजे ना? म्हणून ते दोन आकडे आधी हवेत.

आयटीतली_आत्या

नानांना +१. शिवाय हेही सांगा की कंपनीने बसवलेला डबा वेगळा आणि टीपी-लिंक वेगळा, अशी दोन खोकी आहेत का?

कृष्णाकाठ

नाना, आत्या, धन्यवाद. आकडे जुळत नाहीत! राऊटरमध्ये १९२.१६८.१.२ दिसतोय आणि साइटवर १०३ ने सुरू होणारा काहीतरी वेगळाच.

हो, दोन खोकी आहेत. फायबरची पिवळी वायर येते ती एका पांढऱ्या डब्यात, तिथून लॅनची वायर टीपी-लिंकला. पांढऱ्या डब्याचं वायफाय बंद ठेवलंय, कारण ते माडीवर पोचत नव्हतं.

आयटीतली_आत्या

सापडलं. याला डबल नॅट म्हणतात. तुमचा टीपी-लिंक ज्याला 'इंटरनेट' समजतोय ते खरं तर त्या पांढऱ्या डब्याच्या घरातलं जाळं आहे. बाहेरचा माणूस आला की आधी पांढऱ्या डब्याशी थडकणार आणि तिथे तुमचा नियम नाहीच.

यावर तीन उपाय. एक, पांढऱ्या डब्यातही नियम टाकायचा: ८०९६ आला की १९२.१६८.१.२ कडे, आणि मग टीपी-लिंकचा नियम पुढे डेस्कटॉपकडे. चालतं, पण दोन ठिकाणी निस्तरत बसावं लागतं. दोन, पांढऱ्या डब्यात डीएमझेड नावाची सोय असते, तिथे १९२.१६८.१.२ टाकला की येणारं सगळं टीपी-लिंककडे ढकललं जातं. तीन, आणि माझ्या मते सर्वात स्वच्छ, म्हणजे पांढरा डबा ब्रिज मोडमध्ये टाकायचा. मग तो नुसता प्रकाशाचे सिग्नल विजेच्या सिग्नलमध्ये बदलायचं काम करतो आणि इंटरनेटचं लॉगिन टीपी-लिंक करतो. त्यासाठी पीपीपीओईचं युजरनेम-पासवर्ड कंपनीकडून मागून घ्यावं लागतं.

पण घाई नको. आधी पांढऱ्या डब्याचं पान उघडा (बहुतेक १९२.१६८.१.१, पासवर्ड डब्याच्या बुडाशी चिकटवलेला असतो) आणि तिथला वॅन पत्ता बघा. माझ्या मनात एक पाल चुकचुकतेय.

कृष्णाकाठ

उघडलं. तिथे १००.७२ ने सुरू होणारा पत्ता आहे. हा तर १९२ नाही, १० नाही, १७२ पण नाही. म्हणजे हा पब्लिक ना?

आयटीतली_आत्या

पाल बरोबर चुकचुकली.

नाना_नेटवाले

नाही हो. १००.६४ ते १००.१२७ ही चौथी पट्टी आहे, २०१२ साली खास इंटरनेट कंपन्यांसाठी राखलेली. याला सीजीनॅट म्हणतात. तुमच्या घरी जसा एक राऊटर अनेक फोनांना एका पत्त्यावर बसवतो, तसाच कंपनीच्या इमारतीत एक मोठा राऊटर शेकडो घरांना एका पब्लिक पत्त्यावर बसवतो. साइटवर दिसणारा १०३ वाला पत्ता त्या मोठ्या राऊटरचा. त्यावर तुमच्यासोबत अख्खी गल्ली बसलेली असेल.

म्हणजे तुमच्या घरी एकावर एक तीन नॅट आहेत. पहिले दोन तुमच्या ताब्यात, तिसरा कंपनीच्या. तिथे तुम्हाला ओळ घालता येत नाही. टीपी-लिंकमध्ये कितीही नियम टाका, ताईची विचारणा सांगलीतल्या तुमच्या घरापर्यंत यायचीच नाही. तुमचा नियम अगदी बरोबर होता, एवढं मनाला लावून घेऊ नका.

संत्र्याची_फोड

हे असं का झालं त्याची थोडी पार्श्वभूमी, कारण कंपन्यांना शिव्या घालायच्या आधी ती माहीत हवी. आयपीव्ही४ चा पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. सत्तरच्या दशकात-ऐंशीच्या दशकात हा आकडा अफाट वाटला असणार. फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक पातळीवरचा शिल्लक साठा संपला आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये आशिया-पॅसिफिक विभागाचाही हात आखडला. भारतातल्या घराघरात फायबर पोचला तो त्यानंतर. उशिरा आलेल्या पंगतीला पत्ते उरलेच नव्हते. नव्या कंपन्यांना बाजारातून पत्ते विकत घ्यावे लागतात, मग त्या एका पत्त्यावर अनेक गिऱ्हाइकं बसवतात.

यावरचा खरा इलाज आयपीव्ही६. त्यात पत्ता १२८ बिटांचा. प्रत्येक उपकरणाला स्वतःचा जगभर चालणारा पत्ता मिळतो, नॅटची भानगडच नाही. भारतात आयपीव्ही६ चा प्रसार चांगला आहे, मोबाइलवर तर फारच. कृष्णाकाठ, तुमच्या डेस्कटॉपला २ ने सुरू होणारा, मध्ये दोन-दोन टिंबं असलेला लांबलचक पत्ता मिळालाय का बघा. मिळाला असेल तर फॉरवर्डिंग करायचंच नाही, राऊटरच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्ये त्या एका उपकरणाला, त्या एका पोर्टला परवानगी द्यायची.

नाना_नेटवाले

संत्र्याशी सहमत, पण दोन अडचणी. ताईच्या मेलबर्नच्या जोडणीलाही आयपीव्ही६ लागेल. आणि स्वस्तातल्या बऱ्याच राऊटरांत आयपीव्ही६ ची फायरवॉल एक तर पूर्ण चालू नाहीतर पूर्ण बंद, मधलं काही नाही. पूर्ण बंद करायची चूक कुणी करू नका, घरातलं प्रत्येक उपकरण उघड्यावर येईल.

टिंबटिंब

म्हणजे सारांश: कंपनीला फोन करा.

नाना_नेटवाले

टिंबटिंब, या खेपेला तुम्ही बरोबर. 'मला पब्लिक आयपी हवा' एवढंच म्हणा. 'पोर्ट उघडा' म्हणालात तर पलीकडचा माणूस राऊटर बंद-चालू करायला सांगेल. पब्लिक आणि स्टॅटिक यात फरक आहे. पब्लिक म्हणजे खरा, फक्त तुमचा. स्टॅटिक म्हणजे न बदलणारा. बऱ्याच कंपन्या दोन्ही मिळूनच देतात आणि वेगळे पैसे लावतात. बदलणारा पब्लिक पत्ता मिळाला तरी चालतो, मग डक-डीएनएस किंवा नो-आयपी सारखी सेवा वापरायची. ती एका नावाला तुमचा ताजा पत्ता जोडून ठेवते.

दुकानदार_लातूर

धागा हायजॅक करत नाही, पण शेजारचाच प्रश्न आहे. माझं कापडाचं दुकान आहे. सीसीटीव्ही बसवणाऱ्याने डीव्हीआरसाठी (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा) राऊटरमध्ये ३७७७७, ५५४ आणि ८० असे पोर्ट उघडून दिलेत. स्टॅटिक आयपी आहे. घरून फोनवर दुकान दिसतं, सगळं छान आहे. यात काही धोका नाही ना? पासवर्ड त्यानेच टाकून दिलाय, 'ॲडमिन' आणि पुढे १२३ असं काहीतरी.

आयटीतली_आत्या

दादा, हा प्रतिसाद वाचून झाला की आधी पासवर्ड बदला, मग चहा घ्या.

पोर्ट उघडताना लोकांना वाटतं, पत्ता फक्त मला माहीत आहे, कोण कशाला येतंय लातूरच्या दुकानात? कुणी पत्ता शोधत येत नाही. सगळे ४२९ कोटी पत्ते यंत्रं आळीपाळीने ठोठावत असतात, रात्रंदिवस. शोडान नावाचं एक शोधयंत्र २००९ पासून हेच करतंय: कुठल्या पत्त्यावर कुठला पोर्ट उघडा, मागे कुठलं उपकरण, हे सगळं शोधता येतं. तुमच्या डीव्हीआरचं मॉडेलही त्यात असू शकेल.

२०१६ सालचं मिराई प्रकरण आठवा. त्या व्हायरसने कॅमेरे, डीव्हीआर आणि राऊटर काबीज केले. कसे? कारखान्यातून येणाऱ्या साठएक युजरनेम-पासवर्डांच्या जोड्या घेऊन टेलनेटच्या (दुरून यंत्रात शिरायची जुनी सोय) दारावर एकेक करून बघत. फार हुशारी नव्हतीच त्यात. मग त्या सगळ्या कॅमेऱ्यांनी मिळून २१ ऑक्टोबर २०१६ ला डाइन या डीएनएस कंपनीवर (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी सेवा) हल्ला चढवला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट अशा साइट कितीतरी तास धड उघडेनात. कुणाच्या तरी दुकानातले कॅमेरे होते ते, मालकांना पत्ताही नव्हता.

आता तुमच्यापुरतं. आजकालच्या बहुतेक डीव्हीआरना कंपनीचं मोबाइल ॲप असतं, क्यूआर कोड स्कॅन करून जोडता येतं. त्यात डीव्हीआर स्वतः बाहेर जाऊन कंपनीच्या सर्व्हरशी बोलतो, त्यामुळे राऊटरमध्ये एकही पोर्ट उघडावा लागत नाही. तुमचं ॲप त्याच पद्धतीने चालतंय का बघा. चालत असेल तर ते तिन्ही नियम पुसून टाका.

खट्याळ_पोर

पण पोर्ट नंबर बदलला तर? म्हणजे बाहेर ३७७७७ ऐवजी ४९१५३ वगैरे. मी माइनक्राफ्टचा सर्व्हर असाच लपवलाय.

नाना_नेटवाले

पोर्ट एकूण ६५ हजार ५३५. यंत्राला ते सगळे चाचपायला किती वेळ लागतो? चहा उकळायच्या आत होतं. नंबर बदलल्याने लॉगमधली वर्दळ कमी होते, हे खरं. त्याला सुरक्षा म्हणू नका.

नंबर बदलायचं खरं कारण वेगळं आहे. बाहेरचा एक पोर्ट एकाच उपकरणाला देता येतो. घरात दोन कॅमेरे असतील आणि दोघांचंही पान ८० वर चालत असेल, तर बाहेरून ८०८१ आला की पहिल्याच्या ८० वर, ८०८२ आला की दुसऱ्याच्या ८० वर, असं करायचं. म्हणूनच राऊटरच्या फॉर्ममध्ये बाहेरचा आणि आतला पोर्ट असे वेगळे रकाने असतात.

आणि पोरा, माइनक्राफ्टची जावा आवृत्ती २५५६५ टीसीपीवर आणि मोबाइलवरची बेडरॉक १९१३२ यूडीपीवर चालते (टीसीपी आणि यूडीपी हे माहिती पाठवायचे दोन वेगळे प्रकार). तुझे मोबाइलवाले मित्र जोडले जात नसतील तर सर्व्हर जावाचा असेल.

खट्याळ_पोर

नाना तुम्हाला कसं कळलं मित्र जोडले जात नाहीत?? 😮

कृष्णाकाठ

मंडळी, बातमी आहे. आमच्या लोकल इंटरनेटवाल्याला फोन केला. 'पब्लिक आयपी' म्हटल्याबरोबर त्याने कशाला हवा तेही विचारलं नाही, वर्षाचे पैसे सांगितले. भरले. पोरगा येऊन पांढरा डबा ब्रिज मोडमध्ये टाकून गेला, टीपी-लिंकमध्ये पीपीपीओईचं लॉगिन भरलं. आता राऊटरवरचा वॅन पत्ता आणि साइटवरचा पत्ता अगदी तंतोतंत जुळतात!

आणि तरीही जेलीफिन बाहेरून उघडत नाही. डोकं आपटू का भिंतीवर?

आयटीतली_आत्या

भिंतीचा काय दोष! एकेक करत जाऊ. आतून बाहेर यायचं, बाहेरून आत नाही.

पहिलं, डेस्कटॉपचा पत्ता अजून १०५ च आहे का? राऊटर बंद-चालू झाला की तो नव्याने पत्ते वाटतो. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग' चालवा आणि बघा. बदलला असेल तर तुमचा नियम आता कदाचित बाबांच्या टीव्हीकडे बोट दाखवतोय. हे कायमचं थांबवायला राऊटरमध्ये 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' असतं, डीएचसीपीच्या पानावर. डेस्कटॉपचा मॅक ॲड्रेस (त्याच्या नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) निवडा आणि त्याला एक पत्ता बांधून द्या, समजा १९२.१६८.०.५०. मग नियमातही ५० करा.

दुसरं, विंडोजची फायरवॉल. जोडणी 'पब्लिक' प्रकारची धरली असेल तर विंडोज बाहेरून येणाऱ्यांना सहसा उभं करत नाही. घरातल्याच दुसऱ्या फोनवरून जेलीफिन उघडतंय तोवर ही बाजू ठीक आहे असं समजा.

तिसरं, प्रोटोकॉलच्या रकान्यात टीसीपी आहे का? यूडीपी निवडलं असेल तर जेलीफिन कधीच उघडायचं नाही.

चौथं आणि सगळ्यांना चकवणारं: तपासताय कुठून? घरच्याच वायफायवरून स्वतःचा पब्लिक पत्ता टाकून बघत असाल तर बरेच राऊटर ते वळवून आत आणत नाहीत. फोनचं वायफाय बंद करा, मोबाइल डेटावरून बघा. आणि पोर्ट तपासणारी साइट 'उघडा' तेव्हाच म्हणते जेव्हा मागे कुणीतरी ऐकत बसलेलं असतं. डेस्कटॉप झोपला असेल, तर नियम कितीही बरोबर असला तरी 'बंद'च येणार.

कृष्णाकाठ

आत्या!! मोबाइल डेटावर उघडलं! पत्ता १०५ चा १०१ झाला होता, तो ५० करून बांधला. आणि खरंच, घरच्या वायफायवरून पब्लिक पत्त्याने अजूनही उघडत नाही, पण त्याची आता फिकीर नाही. ताईला लिंक पाठवतोय.

नाना_नेटवाले

अहो थांबा! लिंक पाठवू नका.

चाललं याचा आनंद आहेच. पण ८०९६ वरचं जेलीफिन साधं एचटीटीपी आहे. ताईने पासवर्ड टाकला की तो मेलबर्न ते सांगली उघड्या पोस्टकार्डासारखा जाईल, म्हणजे वाटेत कुणालाही वाचता येईल असा. दुसरं, जेलीफिनमध्ये उद्या एखादी त्रुटी निघाली तर तुमचा अख्खा डेस्कटॉप उघडा. तिसरं, त्यावर विंडोज कुठली आहे?

कृष्णाकाठ

विंडोज १०. का?

नाना_नेटवाले

विंडोज १० चा नेहमीचा फुकट आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरात वापरणं वेगळं आणि इंटरनेटकडे तोंड करून बसवणं वेगळं. त्या जुन्या यंत्रावर विंडोजऐवजी डेबियन किंवा मिंट हे फुकट लिनक्स टाका. जेलीफिन तिथेही चालतं, उलट हलकं चालतं.

या बाबतीत मोठमोठे फसलेत. घरगुती साठवणीचे डबे बनवणाऱ्या क्यूनॅपने जानेवारी २०२२ मध्ये ग्राहकांना चक्क सांगितलं होतं की राऊटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंग आणि यूपीएनपी बंद करा, कारण डेडबोल्ट नावाचं खंडणीखोर सॉफ्टवेअर इंटरनेटवर उघड्या असलेल्या डब्यांतल्या फाइली कुलूपबंद करत होतं. कुणाचे लग्नाचे फोटो, कुणाचे हिशेब. तुमच्याकडे बाबांच्या कॅसेटी आहेत. कॅसेटी तरी जपून ठेवल्यात ना?

कृष्णाकाठ

ठेवल्यात, पण निम्म्यांना बुरशी आली आहे. नाना, घाबरवलंत. नियम आत्ताच बंद केला. मग एवढं सगळं केलं ते फुकट?

संत्र्याची_फोड

अजिबात नाही. सगळ्यात सोपा मार्ग आता सांगते: टेलस्केल, म्हणजे दोन यंत्रांना इंटरनेटमधून खाजगी, कुलूपबंद बोगद्याने जोडणारं ॲप. दोन्हीकडे ॲप टाकायचं, एकाच खात्याने लॉगिन करायचं किंवा ताईला ते यंत्र शेअर करायचं. राऊटरला हात लावायचा नाही, पब्लिक आयपी नको, सीजीनॅटच्या आतूनही चालतं. एक गंमत: टेलस्केलही आपल्या उपकरणांना १००.६४ च्या त्याच पट्टीतले पत्ते देतं. त्यामुळे डेस्कटॉपवर १०० ने सुरू होणारा पत्ता दिसला तर दचकू नका.

टिंबटिंब

म्हणजे वर्षाचे पैसे पाण्यात.

नाना_नेटवाले

ज्यांना पब्लिक आयपी मिळतच नाही त्यांनी डोळे मिटून टेलस्केल घ्यावं, माझी काही हरकत नाही. पण कृष्णाकाठकडे आता पब्लिक पत्ता आहे आणि त्यांना मुळापासून शिकायचंय. मग असाच बोगदा बनवणारं वायरगार्ड स्वतः उभारा. टेलस्केलच्या पोटातही वायरगार्डच आहे.

काही नव्या राऊटरांत वायरगार्ड सर्व्हर आतच असतो, तेव्हा फॉरवर्डिंगचा नियमही लागत नाही, राऊटर स्वतःच ऐकतो. तुमच्यात नसेल तर डेबियनवर बसवा आणि राऊटरमध्ये एकच नियम ठेवा: बाहेरून ५१८२०, प्रोटोकॉल यूडीपी, आत १९२.१६८.०.५० चा ५१८२०. बाकी सगळं बंद. ८०९६ चा नियम कायमचा पुसून टाका.

वायरगार्डची मला आवडणारी गोष्ट म्हणजे ओळखीची चावी नसेल तर तो उत्तरच देत नाही. 'चुकीचा पासवर्ड' असंही म्हणत नाही, गप्प बसतो. ठोठावणाऱ्या यंत्राला तिथे काही आहे हेच कळत नाही. त्यामुळे पोर्ट तपासणारी साइट यावेळीही 'बंद' दाखवेल, त्या साइट बहुतेक टीसीपीच तपासतात. त्यावर जाऊ नका. डेबियनवर वायरगार्डची स्थिती बघा, 'लेटेस्ट हँडशेक' पुढे ताजी वेळ दिसली की जोडणी झाली.

ताईच्या फोनसाठी चाव्यांची एक जोडी बनवा, त्याचा क्यूआर कोड काढा आणि तिच्या वायरगार्ड ॲपमध्ये स्कॅन करायला सांगा. त्यात 'अलाउड आयपीज' असा रकाना आहे. तिथे शून्यांची रांग टाकलीत तर ताईचं सगळं इंटरनेट सांगलीमार्गे फिरेल आणि ती तुम्हाला फोन करून ओरडेल. तिथे फक्त सर्व्हरचा बोगद्यातला पत्ता टाका, समजा १०.८.०.१, पुढे तिरकी रेघ आणि ३२. ताई ब्राउझरमध्ये १०.८.०.१:८०९६ उघडेल. १९२.१६८ वाला पत्ता मुद्दाम टाळा, कारण तिच्या घरच्या राऊटरचीही तीच पट्टी असण्याची दाट शक्यता असते आणि मग फोन गोंधळतो.

कृष्णाकाठ

शनिवार-रविवार गेला, पण जमलं. डेबियन, जेलीफिन, वायरगार्ड, एकच नियम. ताईकडे हँडशेक दिसलं आणि पहिलंच 'नाथ हा माझा' लागलं, बाबांनीच जवळ बसून टेप केलेलं, मध्ये आईची कुकरची शिट्टी आहे त्यात. ताई म्हणते पुसू नकोस शिट्टी.

आता व्यावहारिक प्रश्न. सांगलीत वीज जाते. गेली की डेस्कटॉप बंद पडतो आणि परत चालू करायला वरती जिना चढून बाबांना जावं लागतं. यावर काही?

आयटीतली_आत्या

बायॉसमध्ये (यंत्र सुरू होताना उघडता येणारं सेटिंगचं पान) जा, 'पॉवर मॅनेजमेंट'खाली 'रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस' असा काहीसा पर्याय असतो, तो 'ऑन' करा. वीज आली की यंत्र आपोआप उठेल. जेलीफिन आणि वायरगार्ड दोन्ही सुरुवातीलाच चालू होतील असं लावून ठेवा. फायबरचा डबा आणि राऊटर १२ व्होल्टवर चालत असतील (ॲडॅप्टरवर लिहिलेलं असतं) तर राऊटरसाठीचा छोटा यूपीएस मिळतो, तो लावा. डेस्कटॉपला मात्र मोठाच हवा.

वाचनमात्र

वाचनखूण साठवली. एक शंका: वर यूपीएनपी येऊन गेलं, ते म्हणजे काय हे कुणी सांगितलं नाही.

नाना_नेटवाले

घरातली उपकरणं राऊटरला न विचारता... म्हणजे तुम्हाला न विचारता, स्वतःच राऊटरला सांगून पोर्ट उघडून घेतात, ती सोय. गेमिंग कन्सोलला बरी पडते. पण स्वस्तातला कॅमेराही तेच करू शकतो. राऊटरमध्ये फॉरवर्डिंगच्याच मेनूत यूपीएनपीचं पान असतं, तिथे सध्या कुणीकुणी काय उघडलंय त्याची यादी दिसते. मी तरी बंद ठेवतो.

दुकानदार_लातूर

आत्ता बघितलं. पासवर्ड बदलला, तिन्ही नियम पुसले, ॲपवर दुकान व्यवस्थित दिसतंय. पण यूपीएनपीच्या यादीत दोन ओळी आहेत. एक पुतण्याच्या प्लेस्टेशनची असावी, दुकानात आणून खेळतो तो. दुसरी १९२.१६८.०.२३ ची, आणि ते काय आहे हे मला माहीतच नाही.

आयटीतली_आत्या

राऊटरच्या 'क्लायंट्स'च्या यादीत २३ च्या पुढचा मॅक ॲड्रेस बघा. पहिले सहा अंक-अक्षरं बनवणारी कंपनी सांगतात, ते शोधून बघा. यूपीएनपी तोवर बंद.

दुकानदार_लातूर

कॅमेरा बनवणारी कंपनी निघाली. गोडाऊनच्या दारावर जुना वायफाय कॅमेरा होता, नवे लावल्यावर तो काढायचा राहिला वाटतं. उद्या सकाळी शिडी लावतो.

आयटीतली_आत्या

काढलात की फेकू नका, आधी रीसेट करा. तुमच्या वायफायचा पासवर्ड अजून त्याच्यात आहे.